काकतालीय न्याय आणि संगणक : सुटा भाग बदलल्यानंतरच्या गूढ बिघाडांचा इतिहास

१. प्रस्तावना

एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत पंधरा वर्षांपूर्वीचे एक वर्कस्टेशन आहे असे समजा. ते संथ चालते म्हणून त्यात मेमरीची नवी पट्टी बसवली. दोन दिवस सारे सुरळीत चालले. तिसऱ्या दिवशी काम चालू असताना पडदा गोठला. पुन्हा सुरू केले तर तेच काम व्यवस्थित पार पडले. मग कधी सकाळी, कधी दुपारी, कधी चार दिवसांनी यंत्र बंद पडू लागले. आता सगळ्यांचे बोट दोघांकडे वळते : एक ती नवी पट्टी आणि दुसरा ती बसवणारा प्रयोगशाळा सहायक. पट्टी परत पाठवून दुसरी आणली जाते. आठवडाभर बरे चालते आणि यंत्र पुन्हा बंद पडते.

अशा प्रसंगासाठी मराठीत एक म्हण आहे : कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली. संस्कृत परंपरेत यालाच काकतालीय न्याय म्हणतात. कावळा ताडावर बसतो आणि त्याच क्षणी ताडाचे फळ खाली पडते. पाहणाऱ्याला वाटते की कावळ्यामुळेच फळ पडले. एक घटना दुसरीच्या आधी घडली, एवढ्यावरून ती दुसरीचे कारण ठरत नाही. इतिहासाच्या अभ्यासात हा धडा आपण पहिल्या वर्षीच शिकतो, पण बंद पडलेल्या यंत्रासमोर उभे राहिले की तो विसरतो.

या पाठात आपण संगणकाच्या गूढ बिघाडांचा सुमारे सत्तर वर्षांचा इतिहास पाहणार आहोत. त्यातून एकच गोष्ट ठसवायची आहे. भाग बदलणे हा उपाय असू शकतो, पण तेवढ्याने कारण सिद्ध होत नाही. या इतिहासात ज्यांनी कारण खरोखर शोधले, त्यांनी भाग बदलण्याबरोबर नोंदी ठेवल्या, तुलना केली आणि आपला पहिला संशय चुकीचा असू शकतो हे मान्य केले.

२. सुरुवातीची यंत्रे आणि नोंदवही

पहिल्या मोठ्या इलेक्ट्रॉनिक संगणकांत बिघाड हा रोजचाच होता. १९४५ च्या अखेरीस तयार झालेल्या अमेरिकेतील एनियाक या संगणकात सुमारे १८,००० निर्वात नळ्या होत्या. त्यांपैकी एक जरी गेली तरी गणित चुकत असे. ती यंत्रणा सांभाळणाऱ्यांच्या लवकरच लक्षात आले की नळ्या बहुतेक वेळा यंत्र चालू किंवा बंद करताना, म्हणजे तापताना आणि निवताना जातात. म्हणून एनियाक शक्यतो बंदच करायचा नाही असे ठरले. दुरुस्तीसाठी यंत्र बंद करणे हेच नव्या बिघाडाचे कारण ठरू शकते, ही गोष्ट तेव्हापासून माहीत आहे. तुमच्या वर्कस्टेशनमध्येही मेमरी बदलताना वीज बंद झाली, यंत्र थंड झाले आणि पुन्हा तापले, हे लक्षात असू द्या. त्याचा उपयोग पुढे होणार आहे.

९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्ड विद्यापीठाच्या मार्क टू या संगणकाच्या एका रिलेत एक पतंग अडकलेला सापडला. तो काढून नोंदवहीत चिकटवला गेला आणि शेजारी शेरा लिहिला गेला की प्रत्यक्ष कीटक सापडल्याची ही पहिलीच घटना. ‘बग’ हा शब्द याच प्रसंगातून जन्मला असे अनेक पुस्तकांत लिहिलेले असते, पण ते बरोबर नाही. एडिसनने १८७८ मधल्या एका पत्रात यंत्रातील दोषासाठी हा शब्द वापरलेला आहे. शेऱ्यातला विनोदही यामुळेच कळतो : शब्द जुना होता, खरा कीटक मात्र प्रथमच सापडला होता. आपल्यासाठी महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. कोणत्या पॅनेलच्या कोणत्या रिलेत, किती वाजता काय आढळले हे त्या वहीत लिहिलेले आहे. पतंग आज संग्रहालयात आहे तो त्या सवयीमुळे.

त्याच काळात बेल प्रयोगशाळेत रिचर्ड हॅमिंग रिलेवर चालणाऱ्या संगणकावर काम करत होते. शनिवार-रविवारी यंत्र माणसांविना चालत असे. चूक आढळली की यंत्र ते काम सोडून पुढच्या कामाला लागे, आणि सोमवारी हॅमिंग यांना आपले काम अर्धवट पडलेले दिसे. यंत्राला चूक झाली हे ओळखता येते, तर ती कुठे झाली हे ओळखून ती दुरुस्तही का करता येऊ नये, असा प्रश्न त्यांना पडला. १९५० मध्ये त्यांनी याचे उत्तर प्रसिद्ध केले. आज ज्याला ईसीसी, म्हणजे चूक दुरुस्त करणारी मेमरी म्हणतात, तिचे मूळ या लेखात आहे.

इथे दोन संकल्पना नीट समजून घ्या. पॅरिटी म्हणजे काही बिटांसोबत आणखी एक बिट साठवणे, जेणेकरून त्यांतील एकांची संख्या नेहमी सम (किंवा नेहमी विषम) राहील. एक बिट उलटला तर हिशेब जुळत नाही आणि यंत्राला चूक झाल्याचे कळते. कोणता बिट उलटला हे मात्र कळत नाही, म्हणून यंत्र थांबण्याखेरीज फारसे काही करू शकत नाही. ईसीसीमध्ये जादा बिट अशा रीतीने रचलेले असतात की एका बिटाची चूक सापडते आणि दुरुस्तही होते, तर दोन बिटांची चूक निदान लक्षात येते. ६४ बिटांच्या माहितीसाठी यात ८ बिट जादा लागतात, एकूण ७२. म्हणूनच ईसीसी पट्टीवर बहुधा आठाऐवजी नऊ चिप्स दिसतात.

३. बदललेली चिपही तशीच : १९७८ चा शोध

सत्तरच्या दशकात चुंबकीय कड्यांच्या मेमरीची जागा सिलिकॉनच्या चिप्सनी घेतली आणि एक नवाच प्रश्न उभा राहिला. एखाद्या ठिकाणचा बिट अचानक उलटे, पण तीच चिप तपासली तर ती निर्दोष निघे. त्या ठिकाणी पुन्हा लिहिले की सारे ठीक. पुढची चूक वेगळ्याच ठिकाणी होई. अशा चुकीला सॉफ्ट एरर म्हणतात : माहिती बिघडते, चिप बिघडत नाही. याउलट चिपचा एखादा भागच निकामी झाला तर ती हार्ड एरर.

इंटेल कंपनीतील टिमोथी मे आणि मरे वुड्स यांनी १९७८ मध्ये याचे कारण मांडले. चिपवरच्या आवरणासाठी वापरलेल्या पदार्थांत युरेनियम आणि थोरियम यांचा अगदी सूक्ष्म अंश होता. त्यांतून बाहेर पडणारे अल्फा कण सिलिकॉनमध्ये शिरत. पाच दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचा एक अल्फा कण सिलिकॉनमध्ये सुमारे १४ लाख इलेक्ट्रॉन मोकळे करू शकतो. त्या काळच्या मेमरीत एक बिट जेवढ्या विद्युतभारावर साठवला जाई, तोही साधारण याच मापाचा होता. म्हणजे एकच कण शून्याचा एक किंवा एकाचा शून्य करू शकत होता.

आता भाग बदलण्याच्या दृष्टीने या घटनेकडे पाहा. तंत्रज्ञ चिप बदलत होता, पण नवी चिपही त्याच पदार्थाच्या आवरणात येत होती. बदलल्यानंतर काही दिवस चूक झाली नाही, तर जुनी चिप खराब होती असे वाटे. पुन्हा झाली, तर नवीही खराब निघाली असे वाटे. चूक मुळातच विरळ आणि यादृच्छिक असेल, तर थोड्या दिवसांच्या शांततेवरून काहीच सिद्ध होत नाही. महिन्यातून सरासरी दोनदा बंद पडणारे यंत्र एक आठवडा नीट चालले, म्हणून ते दुरुस्त झाले असे म्हणता येत नाही. ही चूक आजही सर्वांत जास्त केली जाते.

४. आकाशातून येणारे कारण

अल्फा कणांचा उलगडा झाल्यावर सारे कोडे सुटले असे वाटणे साहजिक होते. पण १९७९ मध्ये आयबीएमचे जेम्स झिगलर आणि येल विद्यापीठाचे विल्यम लॅनफोर्ड यांनी ‘सायन्स’ नियतकालिकात दाखवून दिले की विश्वकिरणांमुळेही संगणकाच्या मेमरीत चुका होऊ शकतात. अवकाशातून येणारे अतिवेगवान कण वातावरणावर आदळतात आणि त्यातून निर्माण झालेले न्यूट्रॉन जमिनीपर्यंत पोहोचतात. न्यूट्रॉनची सिलिकॉनच्या अणुकेंद्राशी टक्कर झाली की तिथे विद्युतभार मोकळा होतो.

हे तपासायचे कसे? वातावरण विश्वकिरणांना अडवते. त्यामुळे उंचावर चुका वाढायला हव्यात आणि जमिनीखाली खडकाच्या आड त्या जवळपास नाहीशा व्हायला हव्यात. आयबीएमने कोलोरॅडोतील सुमारे ३,१०० मीटर उंचीवरील लेडव्हिल या गावी आणि जमिनीखालीही चिप्स ठेवून मोजमाप केले, आणि अपेक्षेप्रमाणेच फरक आढळला. चिप तीच, यंत्र तेच, बदलली फक्त जागा. कारण शोधण्याची ही फार स्वच्छ पद्धत आहे.

उंची आणि खोली यांच्या तुलनेची ही रीत भारतातील अभ्यासकांना परिचित होती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञ १९५० च्या दशकापासून कोलारच्या सोन्याच्या खाणींत खोलवर विश्वकिरणांचे मोजमाप करत होते. जसजसे खाली जावे तसतसे कण किती कमी होतात, हाच तिथला प्रश्न होता. त्याच संस्थेत याच काळात टिफरॅक हा भारतीय बनावटीचा संगणक आकाराला आला आणि १९६० मध्ये काम करू लागला. विश्वकिरण आणि संगणक हे दोन विषय एकाच आवारात नांदत होते. त्यांची एकमेकांशी गाठ पडल्याचे जगाला पुढे वीस वर्षांनी कळले.

या शोधाने मागच्या काही घटनांवरही प्रकाश पडला. १९७६ मध्ये पहिला क्रे-१ महासंगणक लॉस अलामोस येथे चाचणीसाठी आला. हे ठिकाण समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरांहून अधिक उंच आहे. त्या पहिल्या यंत्रात पॅरिटी होती, पण चूक दुरुस्त करण्याची सोय नव्हती. सहा महिन्यांच्या चाचणीत मेमरीच्या १५२ पॅरिटी चुका नोंदल्या गेल्या. पुढच्या क्रे-१ यंत्रांत चूक दुरुस्त करणारी मेमरी आली. त्या चुकांमागे विश्वकिरणांतील न्यूट्रॉन असावेत असे विश्लेषण अनेक वर्षांनी झाले, आणि ते शक्य झाले ते जुन्या नोंदी टिकल्यामुळे.

५. हेरा प्रकरण : पुरावा नाहीसा होण्यापूर्वी

१९८६-८७ मध्ये आयबीएमच्या काही मेमरी चिप्समध्ये सॉफ्ट एररचे प्रमाण एकाएकी वाढले. कंपनीत या प्रकरणाला ‘हेरा’ असे नाव पडले. शोध घेणाऱ्यांच्या हाती एक मोलाची तुलना होती : अमेरिकेत बनलेल्या चिप्स चुकत होत्या, युरोपातील कारखान्यात बनलेल्या चुकत नव्हत्या. म्हणजे दोष चिपच्या रचनेत नसून बनवण्याच्या प्रक्रियेत असणार. तपासात सदोष चिप्सवर पोलोनियम-२१० हे किरणोत्सारी मूलद्रव्य सापडले.

माग काढत मंडळी नायट्रिक आम्लाच्या बाटल्यांपर्यंत पोहोचली. आम्ल पुरवणाऱ्याकडे बाटल्या स्वच्छ करणारे एक यंत्र होते. स्थिर विद्युत घालवण्यासाठी त्यात हवेचे झोत पोलोनियमच्या साहाय्याने आयनीभूत केले जात. त्यातून पोलोनियम मधूनमधून गळत होते आणि काही बाटल्यांत उतरत होते. सगळ्याच बाटल्या दूषित नव्हत्या, म्हणून सगळ्याच चिप्सही नव्हत्या.

पोलोनियम-२१० चा अर्धायुकाल सुमारे १३८ दिवस असतो. म्हणजे वर्षभर वाट पाहिली असती, तर किरणोत्सर्ग आपोआप सहाव्या हिश्श्यावर आला असता. चुका कमी झाल्या असत्या आणि मध्यंतरी जो कोणता भाग बदलला असेल त्याला त्याचे श्रेय मिळाले असते. इतिहासाच्या विद्यार्थ्याने इथे थांबून विचार करावा : पुरावा कायम राहतो असे नाही, आणि वेळेवर न केलेली नोंद नंतर करता येत नाही.

६. सर्व्हर आणि वर्कस्टेशन : १९९९ ते २००१

आता आपल्या विषयाच्या अगदी जवळ येऊ. नव्वदच्या दशकात सन मायक्रोसिस्टिम्सची यंत्रे विद्यापीठे, बँका आणि नव्या इंटरनेट कंपन्यांत सर्वत्र होती. त्यांतील अल्ट्रास्पार्क टू हा प्रोसेसर मोठ्या सर्व्हरमध्येही होता आणि अल्ट्रा ६० सारख्या टेबलावरच्या वर्कस्टेशनमध्येही. मुख्य मेमरीला ईसीसीचे संरक्षण होते. पण प्रोसेसरशेजारच्या बाहेरच्या कॅशला, म्हणजे ई-कॅशला, फक्त पॅरिटी होती.

याचा परिणाम समजून घ्या. कॅशमधला मजकूर मुख्य मेमरीतल्या मजकुराची निव्वळ प्रत असेल, तर चूक आढळल्यावर ती प्रत टाकून नवी आणता येते. पण प्रोसेसरने तो मजकूर बदललेला असेल आणि अजून मुख्य मेमरीत लिहिलेला नसेल, तर खरी प्रत तेवढी एकच असते. तीच बिघडली तर सावरायला काही उरत नाही. चुकीची माहिती पुढे जाऊ देण्यापेक्षा यंत्र स्वतःला थांबवते. बाहेरून पाहणाऱ्याला दिसते ते एवढेच : महागडा सर्व्हर कारण नसताना कोसळला.

प्रोसेसरचे मॉड्यूल बदलले जाई. नव्या मॉड्यूलमध्येही पॅरिटीच असल्यामुळे पुढे कधीतरी तोच संदेश पुन्हा उमटे, कधी दुसऱ्याच प्रोसेसरवर. नोव्हेंबर २००० मध्ये फोर्ब्स नियतकालिकाने या प्रकरणाचे वृत्त दिले. त्यात असेही म्हटले होते की स्पष्टीकरण देण्यापूर्वी काही ग्राहकांकडून गुप्ततेचे करार करून घेतले गेले. याचा अर्थ काय होतो? हाच त्रास दुसऱ्या ग्राहकालाही होत आहे हे पहिल्याला कळत नाही. प्रत्येकाला आपलेच यंत्र, आपलीच खोली किंवा आपलाच तंत्रज्ञ दोषी वाटतो. विरळ चुकीचे कारण अनेक यंत्रांच्या नोंदी एकत्र ठेवल्याशिवाय दिसत नाही, आणि गुप्ततेने नेमके तेच अडते.

अखेर उपाय तीन पातळ्यांवर झाले. सोलारिस या संगणकप्रणालीत कॅशमधला बदललेला मजकूर ठरावीक काळाने मुख्य मेमरीत पोहोचवणारी सोय आली, म्हणजे तो असुरक्षित अवस्थेत फार वेळ राहणार नाही. कॅशच्या दोन प्रती ठेवणारी नवी मॉड्यूल्स आली. आणि पुढच्या अल्ट्रास्पार्क थ्री प्रोसेसरच्या बाहेरच्या कॅशला ईसीसी मिळाले. भाग बदलून प्रश्न सुटला तो वेगळ्या रचनेचा भाग आल्यावर. तसाच भाग पुन्हा बसवून तो सुटला नव्हता.

७. फुगलेले कपॅसिटर : नव्या भागाने उघड केलेला जुना दोष

सगळीच कारणे इतकी सूक्ष्म नसतात. १९९९ नंतरच्या काही वर्षांत बनलेल्या अनेक मदरबोर्डवरचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर दोन-तीन वर्षांतच फुगू आणि गळू लागले. आतल्या द्रवाच्या घटकांत दोष होता. त्या द्रवाचे सूत्र चोरताना अर्धवट चोरले गेले अशी कथा तेव्हा फार पसरली. ही कथा आकर्षक आहे, पण तेवढ्याने एवढ्या मोठ्या साथीचे स्पष्टीकरण सिद्ध होत नाही. प्रसिद्ध कथा आणि सिद्ध कारण यांत फरक करायला शिका. आर्थिक फटका मात्र नोंदलेला आहे : सदोष कपॅसिटर असलेल्या ऑप्टिप्लेक्स संगणकांसाठी डेल कंपनीने २००५ मध्ये सुमारे ३० कोटी डॉलरचा खर्च हिशेबात दाखवला.

कपॅसिटरचे काम प्रोसेसरला आणि मेमरीला मिळणारा विद्युतदाब स्थिर ठेवण्याचे. तो जुना झाला की दाब हेलकावतो. यंत्रावर भार कमी असेल तर हे खपून जाते. अशा यंत्रात तुम्ही जास्त वीज घेणारे ग्राफिक कार्ड किंवा अधिक मेमरी बसवली की जुना कपॅसिटर कमी पडतो आणि यंत्र कोसळते. नवे कार्ड काढले की यंत्र पुन्हा चालते. मग कार्ड खराब असल्याचे सिद्ध झाले नाही का? नाही. ते कार्ड दुसऱ्या सुदृढ यंत्रात उत्तम चालते. त्याने फक्त आधीपासूनचा दोष उघडा पाडला.

८. आकाशाला दोष देण्यापूर्वी

विश्वकिरणांची गोष्ट इतकी विलक्षण आहे की ती कळल्यावर प्रत्येक गूढ चूक त्यांच्या माथी मारण्याचा मोह होतो. २००३ मध्ये बेल्जियममधील स्खारबेक येथे इलेक्ट्रॉनिक मतदानात एका उमेदवाराला ४,०९६ मते जादा मिळाल्याचे आढळले. पडणे शक्यच नव्हते इतकी मते दिसल्यामुळे चूक लक्षात आली. ४,०९६ म्हणजे दोनाचा बारावा घात, अर्थात एक बिट उलटल्यावर जेवढा फरक पडेल नेमका तेवढा. त्यामुळे एक बिट उलटला असावा हा संशय बळकट आहे. तो विश्वकिरणानेच उलटला हे मात्र सिद्ध झालेले नाही.

२००९ मध्ये बियांका श्रोडर आणि गूगलमधील सहकाऱ्यांनी हजारो सर्व्हरच्या सुमारे अडीच वर्षांच्या नोंदी अभ्यासल्या. दर वर्षी आठ टक्क्यांहून अधिक मेमरी पट्ट्यांत चुका आढळल्या. एकदा चुकलेली पट्टी पुन्हा चुकण्याची शक्यता बरीच जास्त होती. यादृच्छिक कणांचा मारा हे मुख्य कारण असते तर असे दिसले नसते. बहुसंख्य चुका सॉफ्ट नसून हार्ड प्रकारच्या असाव्यात, असा निष्कर्ष त्यांनी काढला. तीस वर्षे रुळलेली समजूत मोठ्या प्रमाणावरच्या नोंदींनी दुरुस्त केली. म्हणजे कधीकधी पट्टी खरोखरच खराब असते. कावळ्याच्या वजनानेही फांदी तुटू शकते, पण ते तपासून सांगायचे असते.

९. पुन्हा आपल्या वर्कस्टेशनकडे

आता प्रयोगशाळेतल्या त्या यंत्राकडे या इतिहासाच्या नजरेने पाहू. ‘फक्त मेमरी बदलली’ असे आपण म्हणतो, पण प्रत्यक्षात एकाच वेळी पुढील अनेक गोष्टी बदललेल्या असतात.

• संपर्क : पट्टी काढून घालताना टोकांवरचा गंज किंवा धूळ घासली जाते. कधी जोड सुधारतो, कधी शेजारच्या पट्टीचा जोड ढिला होतो. नव्वदच्या दशकातल्या यंत्रांत कथिलाच्या खाचेत सोन्याचा मुलामा असलेली पट्टी बसवली, तर जोडावर कालांतराने गंज साचतो.

• साठवलेल्या सेटिंग्ज : वीज काढल्यावर जुन्या बॅटरीत दम नसेल तर सेटिंग्ज मूळ पदावर जातात. सनच्या जुन्या वर्कस्टेशनमध्ये ही बॅटरी एका चिपच्या आतच असे. ती संपली की यंत्र आपला ओळखक्रमांक आणि नेटवर्कचा पत्ताही विसरत असे.

• तापमान : यंत्र थंड होऊन पुन्हा तापले. शिवाय केबल सरकल्याने पंख्याची हवा अडली असेल.

• संरक्षण : ईसीसीच्या जागी साधी पट्टी बसली, तर काही यंत्रे सुरूच होत नाहीत. काही सुरू होतात, पण चूक दुरुस्त करणे थांबवतात. पूर्वी निमूटपणे दुरुस्त होणाऱ्या चुका मग कोसळण्याच्या रूपाने दिसू लागतात.

म्हणून कामाचा क्रम असा ठेवा. आधी महत्त्वाच्या माहितीची प्रत दुसरीकडे काढा. मेमरी चुकत असेल तर यंत्र कोसळण्याआधीच चुकीचा मजकूर डिस्कवर लिहिला गेलेला असू शकतो, आणि तेच खरे नुकसान असते. मग वही उघडा. तारीख, वेळ, चालू असलेला प्रोग्रॅम, पडद्यावरचा संदेश जसाच्या तसा आणि खोलीतील उकाडा लिहा. पाच-सहा नोंदी झाल्या की आकार दिसू लागतो. चूक वारंवार मेमरीच्या एकाच पत्त्यावर येत असेल तर हार्ड एररचा संशय घ्या. जड कामातच येत असेल तर वीजपुरवठा आणि उष्णता तपासा. एकाच प्रोग्रॅमवर येत असेल तर आधी सॉफ्टवेअर पाहा. मेमरी तपासणारा प्रोग्रॅम रात्रभर चालवा, पण त्याने चूक दाखवली नाही म्हणजे चूक नाहीच असे समजू नका.

त्यानंतर उलटी चाचणी करा. जुनी पट्टी परत बसवा आणि आधी जितका काळ लागत होता त्याच्या कित्येक पट वाट पाहा. बिघाड थांबला तर नवी पट्टी पुन्हा बसवा. तो परत आला पाहिजे. दोन्ही वेळा अपेक्षेप्रमाणे घडले तरच बिघाडाचा त्या बदलाशी संबंध आहे असे म्हणा. मग नवी पट्टी दुसऱ्या सुदृढ यंत्रात बसवून पाहा, म्हणजे दोष पट्टीत आहे की या दोघांच्या जोडीत, हे कळेल. एका वेळी एकच गोष्ट बदला. आत हात घालण्यापूर्वी वीज काढा, अंगावरची स्थिर विद्युत धातूला स्पर्श करून घालवा आणि वीजपुरवठ्याची पेटी उघडू नका. वीज काढल्यावरही तिच्यात धोकादायक दाब राहू शकतो.

आणि तो प्रयोगशाळा सहायक? त्याच्यावर ठपका ठेवण्याआधी या चाचण्या पूर्ण झाल्या आहेत का, हे विचारा. ज्याने यंत्राला शेवटचा हात लावला तोच दोषी, हा निवाडा सगळ्यात झटपट होतो आणि त्याला पुरावा सगळ्यात कमी लागतो. पट्टी तर परत पाठवता येते. पण ठपका बसलेला माणूस पुढच्या वेळी यंत्र उघडायला धजत नाही, आणि आपण काय केले हे वहीत लिहायलाही.

१०. सारांश

एनियाकपासून गूगलच्या सर्व्हरपर्यंत बिघाडांची कारणे बदलत गेली : तापणाऱ्या नळ्या, आवरणातला किरणोत्सर्ग, विश्वकिरण, दूषित आम्ल, अपुरे संरक्षण, सदोष कपॅसिटर, खराब पट्टी. शोधण्याची रीत मात्र तीच राहिली. नोंद ठेवा, तुलना करा, एकच गोष्ट बदला, पुरेसा काळ थांबा आणि मिळालेली माहिती इतरांसमोर ठेवा. ‘यानंतर’ म्हणजे ‘यामुळे’ नव्हे, ही इतिहासाची शिकवण यंत्रशाळेतही तितकीच लागू पडते.

स्वाध्याय

१. पॅरिटी आणि ईसीसी यांतील फरक सांगून १९९९ ते २००१ च्या ई-कॅश प्रकरणात तो निर्णायक का ठरला ते लिहा.

२. हेरा प्रकरणात अमेरिकी आणि युरोपीय चिप्सच्या तुलनेमुळे कोणती शक्यता बाद झाली?

३. एक यंत्र महिन्यातून सरासरी दोनदा कोसळते. भाग बदलल्यावर ते दहा दिवस नीट चालले. यावरून भाग दोषी होता असे म्हणता येईल का? कारणासह चर्चा करा.

४. तुमच्या महाविद्यालयातील एखाद्या यंत्राच्या दुरुस्तीची नोंदवही पाहा. त्यात लिहिलेले कारण सिद्ध झालेले आहे की केवळ गृहीत धरलेले, हे पुराव्यासह ठरवा.